एकोणीस वर्षांखालील विश्वचषक आणि आपला मराठवाडा

मनुष्याच्या आयुष्यांत अठरावें-एकोणिसावें वर्ष हें मोठ्या उलाढालीचें असतें. आपल्या मराठवाड्यांत तर या वर्षाचा दरारा कांहीं वेगळाच आहे. लातूरच्या किंवा नांदेडच्या कोणत्याही सुशिक्षित घरीं जा. बारावीला बसलेला मुलगा अथवा मुलगी त्या घरांत असेल, तर पाहुण्यांचें येणेंजाणें कमी झालेलें दिसेल, लग्नकार्यांचीं आमंत्रणें नम्रपणें परतविलीं गेलेलीं दिसतील, आणि पहांटेच्या अंधारांत एका खोलींतला दिवा तेवढा लागलेला दिसेल. 'लातूर पॅटर्न' या नांवानें ही अध्ययनपद्धति साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाली आहे. वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या प्रवेशपरीक्षांसाठीं परगांवचीं मुलें या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात. विद्येच्या मार्गांत एका मागासलेल्या गणल्या गेलेल्या प्रदेशानें हें जें स्थान मिळविलें, त्याचें कौतुक करावें तेवढें थोडेंच आहे.

परंतु नेमक्या याच वयाच्या मुलांची दुसरीहि एक परीक्षा जगांत घेतली जाते. ती बंद दालनांत होत नाहीं, उघड्या मैदानावर होते. आणि तिचा निकाल कागदावर लागत नाहीं, हजारों प्रेक्षकांच्या देखत लागतो. ती परीक्षा म्हणजे एकोणीस वर्षांखालील मुलांचा क्रिकेटचा विश्वचषक. या स्पर्धेचा इतिहास काय, तिची रचना कशी आहे, आणि आपल्या मराठवाड्याचा तिच्याशीं संबंध कोणता, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचें आहे.

प्रथम थोरांच्या स्पर्धेकडे ओझरतें पाहूं. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९७५ सालीं इंग्लंडांत भरला. त्याच्याहि दोन वर्षें आधीं, म्हणजे १९७३ सालीं, स्त्रियांनीं आपला विश्वचषक त्याच देशांत भरविला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. मुलांच्या स्पर्धेची कल्पना मात्र ऑस्ट्रेलियाची. १९८८ सालीं त्या देशांतील यूरोपीय वसाहतीला दोनशें वर्षें पूर्ण झालीं, आणि त्या द्विशताब्दीच्या उत्सवाचा एक भाग म्हणून युवकांचा विश्वचषक योजण्यांत आला. त्यांत संघ होते आठ. सात संघ कसोटी सामने खेळणाऱ्या देशांचे, आणि आठवा संघ सहयोगी सदस्य देशांतील निवडक मुलांचा, एकत्र बांधलेला. रचना अगदीं सरळ होती. प्रत्येक संघानें इतर प्रत्येक संघाशीं एकदां खेळावें, पहिल्या चौघांनीं उपांत्य फेरींत जावें, आणि त्यांतून अंतिम सामना व्हावा. ॲडलेडच्या मैदानावर झालेल्या त्या अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियानें पाकिस्तानला पांच गडी राखून हरविलें.

त्या स्पर्धेंत खेळलेल्या मुलांचीं नांवें आज वाचलीं म्हणजे तिचें महत्त्व कळून येतें. वेस्ट इंडीजचा कर्णधार होता ब्रायन लारा आणि इंग्लंडचा मायकेल ॲथर्टन. पाकिस्तानकडून इंझमाम-उल-हक खेळला, श्रीलंकेकडून सनत जयसूर्या, भारताकडून वेंकटपति राजू. पुढील पंधरा वर्षांचें जागतिक क्रिकेट त्या एका महिन्यांत ऑस्ट्रेलियांत जणूं ओल्या मातीच्या रूपानें दिसून गेलें होतें. असें असूनहि पुढें दहा वर्षें ही स्पर्धा पुन्हा भरली नाहीं.

१९९८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत ती पुनः सुरू झाली, आणि तेव्हांपासून दर दोन वर्षांनीं ती नियमानें होत आली आहे. या दुसऱ्या जन्मांत संघांची संख्या आठावरून सोळावर गेली. सोळा संघांचे चार गट पाडण्यांत आले आणि त्या गटांस चार थोर खेळाडूंचीं नांवें देण्यांत आलीं: ब्रॅडमन, सोबर्स, काउड्री आणि आपले सुनील गावसकर. प्रत्येक गटांतील पहिले दोन संघ 'सुपर लीग' नामक दुसऱ्या फेरींत गेले. तेथें पुन्हा दोन गट पडले आणि त्या गटांतील विजेत्यांत अंतिम सामना होऊन इंग्लंडनें न्यूझीलंडवर विजय मिळविला.

या रचनेंत एक फार शहाणपणाची गोष्ट होती, तिच्याकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. पहिल्या फेरींत जे संघ मागें पडले त्यांना घरीं पाठविण्यांत आलें नाहीं. त्यांच्यासाठीं 'प्लेट' या नांवाची वेगळी स्पर्धा ठेवलेली होती. १९९८ सालची ही दुय्यम स्पर्धा बांगलादेशानें जिंकली. त्या वेळीं त्या देशाला कसोटी सामने खेळण्याचा अधिकारहि मिळालेला नव्हता. तो मिळाला २००० सालीं. २००४ सालीं स्वतःच्या देशांत बांगलादेशाच्या मुलांनीं पुन्हा प्लेट जिंकली, आणि त्या अंतिम सामन्यांत हरविलें कोणाला, तर ऑस्ट्रेलियाला! पुढें २०२० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील पॉचेफस्ट्रूम येथें याच देशाच्या मुलांनीं भारताला तीन गडी राखून नमवून मुख्य विश्वचषकच हस्तगत केला. दुबळ्याला खेळावयास सामने मिळत गेले, तर तो कोठवर जाऊं शकतो याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. मराठवाड्यासारख्या प्रदेशानें हा धडा विशेष मनावर घ्यावा असा आहे.

स्पर्धेच्या रचनेंत वेळोवेळीं फरक होत गेले. २००६ पासून दुसऱ्या फेरीच्या गटांऐवजीं उपांत्यपूर्व सामने आले. म्हणजे चार गटांतील पहिले दोन, असे आठ संघ, आणि तेथून पुढें एक पराभव म्हणजे विजेतेपदाची आशा संपली. ही पद्धत २०२२ पर्यंत चालली. २०२४ सालीं तिच्या जागीं 'सुपर सिक्स' आली. तिची मांडणी अशी: सोळा संघांचे चार गट, प्रत्येक गटांतील पहिले तीन पुढें, त्या बारा संघांचे सहा-सहांचे दोन गट. आपल्याच मूळ गटांतून जे दुसरे दोन संघ पुढें आले त्यांच्याविरुद्ध मिळविलेले गुण बरोबर न्यावयाचे, आणि दुसऱ्या बाजूच्या दोन संघांशीं नवे सामने खेळावयाचे. दोन्ही गटांतील पहिले दोन उपांत्य फेरींत. यामुळें आरंभींच्या सामन्यांनाहि शेवटपर्यंत किंमत राहते आणि एखाद्या वाईट दिवसानें संघाचें सारें गणित कोसळत नाहीं. सामने प्रत्येकीं पन्नास षटकांचे असतात. मोठ्या क्रिकेट-देशांना बहुधा थेट प्रवेश असतो. नेपाळ, नामिबिया, स्कॉटलंड यांसारख्या देशांना आपापल्या खंडांतील पात्रता-स्पर्धा जिंकून यावें लागतें.

आतां वयाचा प्रश्न. ही सारी स्पर्धा उभी आहे ती एका दिनांकावर. प्रत्येक वेळीं एक दिवस ठरविला जातो आणि त्या दिवशीं ज्याला एकोणीस वर्षें पुरीं झालेलीं नाहींत तोच खेळूं शकतो. १९९८ सालीं वेस्ट इंडीजचा संघ वयाच्या नियमांत न बसणारे खेळाडू घेऊन दाखल झाला आणि त्याची मोठीच त्रेधा उडाली. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें खालच्या बाजूचीहि मर्यादा घातली. पंधरा वर्षांच्या आंतील मुलानें आंतरराष्ट्रीय सामना खेळूं नये असा सर्वसाधारण नियम झाला. आपल्या देशांत जन्माच्या नोंदी ठेवण्याचा आळस जुना आहे, म्हणून नियामक मंडळाला लहान गटांतील मुलांच्या मनगटाचें क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वय ठरविण्याची पद्धत स्वीकारावी लागली. शिवाय २०१६ सालीं भारतीय मंडळानें असें ठरविलें कीं, एका मुलानें हा विश्वचषक एकदांच खेळावा. राहुल द्रविड त्या काळीं मुलांच्या संघाचे मार्गदर्शक होते, आणि एकाच मुलानें दोनदां खेळण्यापेक्षां नव्या मुलाला दार उघडावें, या विचाराचे ते पुरस्कर्ते होते. संधि एकदांच, पुन्हा नाहीं. पुढील कथेच्या दृष्टीनें हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

भारताची या स्पर्धेंतील कामगिरी मोठी आहे. १९८८ पासून २०२४ पर्यंत एकंदर पंधरा वेळां हा विश्वचषक खेळला गेला. त्यांत भारतानें पांच वेळां, ऑस्ट्रेलियानें चार वेळां, पाकिस्ताननें दोन वेळां, आणि इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज व बांगलादेश यांनीं प्रत्येकीं एकदां विजय मिळविला. भारताचे पांच विजय २०००, २००८, २०१२, २०१८ आणि २०२२ या सालांतले. कर्णधार अनुक्रमें महंमद कैफ, विराट कोहली, उन्मुक्त चंद, पृथ्वी शॉ आणि यश धुल.

असो. आतां आपल्या प्रांताकडे वळूं.

मराठवाड्याचा क्रिकेटशीं असलेला संबंध समजून घ्यावयाचा तर इतिहासाचें एक पान मागें उलटावें लागतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानांत होते; लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतला एक तालुका होता. हैदराबाद शहरांत क्रिकेटची चैन मोठी. मोइन-उद्-दौला यांच्या नांवाचा सुवर्णचषक तेथें १९३०-३१ पासून खेळला जाऊं लागला. रणजी करंडकांतील पहिलें शतक हैदराबादच्या एस. एम. हादी यांनीं काढलें आणि १९३७-३८ सालीं तो करंडकहि त्या संस्थानानें जिंकला. परंतु हें सारें वैभव राजधानीचें होतें. मराठी जिल्ह्यांच्या कापसा-ज्वारीच्या रानांत त्याचा प्रकाश फारसा पोंचला नाहीं. दुसरीकडे, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्राच्या संघानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. पण त्या संघाचें माहेर पुणें. मराठवाडा राज्यानें हैदराबादचा आणि भाषेनें पुण्याचा, असा दोन घरचा पाहुणा होता; आणि दोन घरच्या पाहुण्याची जी गत होते ती खेळांत त्याची झाली.

१९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा झाला. क्रिकेटच्या व्यवहारांत मात्र महाराष्ट्र राज्याचे तीन भाग राहिले: मुंबई, विदर्भ, आणि पुण्यास केंद्र असलेली महाराष्ट्र क्रिकेट संघटना. आपले जिल्हे या तिसरीच्या छत्राखालीं येतात. म्हणजे नांदेडच्या किंवा लातूरच्या मुलानें प्रथम जिल्ह्याच्या संघांत यावें, नंतर पुण्याच्या निवडसमितीच्या डोळ्यांत भरावें, मग एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक आणि विनू मांकड करंडक या राष्ट्रीय स्पर्धांत धांवा काढाव्यात अथवा गडी बाद करावेत, तेव्हां कोठें देशाच्या संघाचें दार दिसूं लागतें. लातूरहून पुणें सव्वातीनशें किलोमीटरांच्या घरांत, नांदेडहून साडेचारशेंच्या. एका दिवसाच्या निवडचांचणीसाठीं दोन रात्रींचा प्रवास, बरोबर वडीलधारें माणूस, शाळा-शिकवणीचा खाडा, आणि हें सारें सोसून फळीवर मिळणारे चेंडू कदाचित् बारा!

तरीहि या प्रांतांतून माणसें वर आलीं. बीडला जन्मलेले संजय बांगर रेल्वेच्या संघांतून खेळून मोठे झाले, बारा कसोटी सामने खेळले आणि २००३ च्या विश्वचषकासाठीं निवडलेल्या भारतीय संघांत होते. औरंगाबादचे इक्बाल सिद्दीकी २००१ सालीं मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध एकुलता एक कसोटी सामना खेळले. त्या सामन्यांत ते गोलंदाज असूनहि विजयासाठीं उरलेल्या पांच धांवा काढण्यास सलामीला गेले होते.

परंतु मराठवाड्याचें नांव एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाशीं खऱ्या अर्थानें जोडलें तें जालन्याच्या विजय झोल यानें. २०११ सालीं कूचबिहार करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळतांना त्यानें आसामविरुद्ध नाबाद ४५१ धांवा काढल्या. क्रिकेटच्या जाणत्यांस हा आंकडा पाहून दुसऱ्या दोन आंकड्यांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. डॉन ब्रॅडमन यांची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील सर्वोच्च खेळी ४५२ धांवांची. आणि १९४८ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राचेच भाऊसाहेब निंबाळकर पुण्यास नाबाद ४४३ वर असतांना काठेवाडच्या संघानें सामना सोडून दिल्यामुळें त्यांचा तो विक्रम नऊ धांवांनीं हुकला. एवढी खेळी करूनहि निंबाळकरांना एकहि कसोटी सामना मिळाला नाहीं. झोलची खेळी अर्थात् मुलांच्या सामन्यांतली होती, परंतु ती एका जिल्ह्याच्या गांवाहून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची होती. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत तो होता. टाउन्सव्हिलच्या अंतिम सामन्यांत २२६ धांवांचा पाठलाग करतांना भारताचे चार गडी ९७ धांवांत बाद झाले होते; उन्मुक्त चंद आणि स्मित पटेल यांनीं नाबाद १३० धांवांची भर घालून विजय खेंचून आणला. पुढें २०१४ सालीं संयुक्त अरब अमिरातींतील विश्वचषकांत झोल भारताचा कर्णधार झाला. श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप यादव असे पुढें नांवारूपास आलेले खेळाडू त्या संघांत त्याच्या हाताखालीं खेळले. उपांत्यपूर्व सामन्यांत इंग्लंडनें तीन गडी राखून भारताला हरविलें. परंतु जालन्याचा मुलगा देशाचा कर्णधार होतो, ही एक गोष्ट या आठ जिल्ह्यांतील कित्येक मैदानांवर मुलांच्या कानीं पोंचली.

दुसरें नांव तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकर याचें. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग असल्यामुळें तुळजापूर आणि लातूर हीं एका घरचीं भावंडेंच म्हणावयाचीं. हा मुलगा वेगवान गोलंदाज. आणि फळी हातीं आली कीं चेंडू सीमेपार धाडणारा. २०२२ चा विश्वचषक वेस्ट इंडीजमध्यें झाला. स्पर्धा ऐन रंगांत असतांना करोनाच्या सांथीनें भारतीय संघांतील सहा मुलांना विलगीकरणांत टाकलें, आणि आयर्लंडविरुद्ध अकरा मुलें उभीं करतां करतां व्यवस्थापकांची दमछाक झाली. त्या सामन्यांत हंगरगेकरनें १७ चेंडूंत नाबाद ३९ धांवा काढल्या. अंतिम सामन्यांत इंग्लंडला १८९ धांवांत गुंडाळून भारतानें चार गडी राखून पांचवा विश्वचषक जिंकला.

तिसरें नांव बीडच्या सचिन धस याचें. २०२४ ची स्पर्धा मुळांत श्रीलंकेंत व्हावयाची. तेथील क्रिकेट मंडळ निलंबित झाल्यामुळें ती दक्षिण आफ्रिकेंत नेण्यांत आली. धसनें नेपाळविरुद्ध ११६ धांवा काढल्या. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णी यानेंहि त्याच स्पर्धेंत अमेरिकेविरुद्ध १०८ धांवा केल्या. परंतु खरी कसोटी लागली ती बेनोनी येथें, ६ फेब्रुवारी रोजीं, उपांत्य सामन्यांत. यजमानांनीं २४४ धांवा केल्या होत्या. भारताचे चार गडी अवघ्या ३२ धांवांत बाद झाले. अशा वेळीं धस मैदानांत आला. कर्णधार उदय सहारन याच्या साथीनें त्यानें पांचव्या गड्यासाठीं १७१ धांवांची भागी केली. तो स्वतः ९५ चेंडूंत ९६ धांवा काढून बाद झाला. शतक चार धांवांनीं हुकलें, विजयाला अजून बेचाळीस धांवा हव्या होत्या, पण सामना वांचला होता. भारतानें सात चेंडू व दोन गडी राखून तो जिंकला. अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ७९ धांवांनीं भारतास हरविलें, हें खरें. तथापि ३२ धांवांत चार गडी गेल्यावर जो मुलगा डगमगत नाहीं, त्याचें मोल पराभवानें कमी होत नाहीं.

जालना, तुळजापूर, बीड! हीं कांहीं दूरदेशचीं गांवें नव्हेत; नांदेड-लातूरच्या शेजारचींच होत. मग आपल्या या दोन शहरांपुढें अडचण कोणती? माझ्या मतें ती तीन गोष्टींची आहे: पाणी, सामने आणि वेळ.

क्रिकेटची खरी खेळपट्टी म्हणजे केवळ सपाट जमीन नव्हे. चिकण काळी माती थरांनीं पसरावी, ती पाण्यानें भिजवावी, रूळ फिरवून दाबावी, उन्हांत वाळूं द्यावी, पुन्हा पाणी, पुन्हा रूळ. असें आठवडेच्या आठवडे चालतें. भोंवतालची हिरवळ वेगळीच. दैवाचा खेळ असा कीं, त्या जातीची काळी माती मराठवाड्यांत हवी तेवढी आहे, आणि नाहीं तें पाणी. म्हणून आपलीं मुलें बहुधा सिमेंटच्या पट्टीवर अथवा मॅटिंगवर खेळून वाढतात. तेथें चेंडू उंच आणि सरळ उसळतो. खऱ्या खेळपट्टीवर तो कधीं बसतो, कधीं वळतो, कधीं टप्पा पडल्यावर दिशा बदलतो. पुण्याच्या निवडचांचणींत आपल्या मुलाचा पाय अडखळतो तो पुष्कळदां याच फरकामुळें. त्याची दृष्टि मंद असते म्हणून नव्हे.

या पाण्याचा प्रश्न किती तीव्र होऊं शकतो, हें २०१६ च्या एप्रिलांत साऱ्या देशानें पाहिलें. लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें होतें. मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आणि पहिल्या खेपेस दहा डब्यांतून पांच लाख लिटर पाणी लातुरांत उतरलें. त्याच आठवड्यांत मुंबई उच्च न्यायालयानें आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. माणसांच्या घशाला कोरड असतांना मैदानांवर पाणी शिंपडावें काय, असा तो प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर एकच असूं शकत होतें. त्याविषयीं वाद नाहीं. परंतु त्यांतूनच पुढचा विचार करावयास हवा. शहराचें वापरून टाकलेलें पाणी शुद्ध करून मैदानाला देणें, पावसाचें पाणी मैदानाखालींच मुरविणें, हे उपाय अशक्य कोटींतले नाहींत. जिल्ह्यास एक जरी खरी खेळपट्टी बारमाही राहिली, तरी त्या जिल्ह्यांतील मुलगा पुण्यास परका ठरणार नाहीं.

दुसरी गोष्ट सामन्यांची. नांदेडला गुरु गोविंदसिंगजींच्या नांवानें अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते आणि देशभरचे संघ तेथें येऊन खेळतात. म्हणजे खेळाचा उत्सव भरविण्याची हौस व शक्ति या शहराजवळ नाहीं असें कोणीं म्हणूं नये. मुलांच्या क्रिकेटलाहि तशीच नियमित झुंज हवी. बांगलादेशाची कथा मघां सांगितली ती याचसाठीं. नुसत्या सरावानें खेळाडू होत नाहीं. हरण्याची आणि पुन्हा उभें राहण्याची संवय त्याला सामन्यांतच लागते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट वेळेची. तिचा संबंध सरकारशीं अथवा संघटनेशीं नसून तुमच्या-आमच्या घरांशीं आहे. ज्या दोन वर्षांत मुलगा या स्पर्धेच्या दारांत पोंचूं शकतो, नेमकीं तींच दोन वर्षें अकरावी-बारावीचीं. आईबापांची चिंता अवास्तव आहे असें कोणता शहाणा म्हणेल? या स्पर्धेंत यशस्वी झालेलीं सारींच मुलें पुढें मोठीं होतात असेंहि नाहीं. २०१२ च्या अंतिम सामन्यांत नाबाद शतक ठोकणारा कर्णधार उन्मुक्त चंद भारताच्या मुख्य संघांत कधींच आला नाहीं; २०२१ सालीं येथील क्रिकेटमधून निवृत्ति घेऊन त्यानें अमेरिकेची वाट धरली. विजय झोललाहि देशाच्या मुख्य संघाची टोपी मिळाली नाहीं. उलट २००६ सालीं कोलंबोच्या अंतिम सामन्यांत ११० धांवांचें माफक लक्ष्य समोर असतांना भारताची जी मुलें ७१ धांवांत बाद झालीं, त्यांत रोहित शर्मा, चेतेश्वर पुजारा आणि रवींद्र जडेजा होते! त्यांतलाच रोहित पुढें २०२४ सालीं वीस षटकांच्या विश्वचषकाचा विजेता कर्णधार झाला. एकोणिसाव्या वर्षाचा चषक हा उंबरठा आहे, घर नव्हे. म्हणूनच पुस्तक सर्वस्वीं टाकून फळी घ्या, असा सल्ला देण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु ज्या शहरांनीं परीक्षेसाठीं एवढी अचूक व्यवस्था उभी केली, शिकवण्यांचें वेळापत्रक घड्याळाच्या कांट्यावर बसविलें, त्या शहरांना खेळणाऱ्या दहा-वीस मुलांसाठीं त्याच वेळापत्रकांत सकाळचे दोन तास आणि हुकलेल्या पाठांची भरपाई बसवितां येणार नाहीं, हें मला पटत नाहीं.

मुलांबरोबर मुलींचाहि विचार येथें केला पाहिजे. एकोणीस वर्षांखालील मुलींचा वीस षटकांचा विश्वचषक २०२३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत प्रथमच भरला. अंतिम सामन्यांत इंग्लंडला हरवून तो भारतानें जिंकला. २०२५ सालीं मलेशियांत झालेला दुसराहि भारतानेंच जिंकला. त्या संघाची उपकर्णधार मुंबईची सानिका चाळके होती. मुलींच्या या स्पर्धेचा इतिहास अवघा दोन पानांचा, आणि दोन्ही पानांवर भारताचें नांव. येथें अजून वाट रुळलेली नाहीं. जे आधीं निघतील ते आधीं पोंचतील. आपल्या जिल्ह्यांतील कन्याशाळांनीं हें ओळखावें.

श्रोतेहो, प्रवेशपरीक्षा एका वर्षीं हुकली तर मुलगा पुढच्या वर्षीं पुन्हा बसतो. लातूर-नांदेडांत अशीं मुलें शेंकड्यांनीं आहेत आणि त्यांत लाज कसलीहि नाहीं. या दुसऱ्या परीक्षेची गोष्ट निराळी आहे. तिचा दिनांक एकदां उलटला कीं तो त्या मुलासाठीं कायमचा उलटला. आज ज्या मुलाचें वय पंधरा-सोळा आहे, त्याच्या हातीं तीन-चार पावसाळे आहेत. तेवढ्या अवधींत आपल्या गांवीं खेळपट्टी तयार होते कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.